तिसऱ्या ओळीचं शेपूट

ओडील : ...नाही, बसायला आले नाही. सोमवार आहे, राजमा-भात केलाय, तो घ्या. आणि एवढं सांगा, एखादं गाणं सलग का वाजवत नाही तुम्ही?

ऑल्सीड : त्रास होतो का, मिस ओडील?

ओडील : वाजवण्याचा नाही, मधेच थांबता त्याचा होतो. भिंतीपलीकडं मी झारा धरून उभी. आता वाजेल, मग वाजेल. कांदा करपला माझा.

ऑल्सीड : मी थांबतो तिथं लुशियन वाजवायचा. गाण्याची चाल ट्रम्पेटची, म्हणजे त्याची. माझ्या ट्रॉम्बोननं खालून हुंकार भरायचा. गोष्ट सांगणारा एक, हुं म्हणणारा एक.

ओडील : म्हणजे जन्मभर नुसतं हुं हुं केलंत?

ऑल्सीड : आणि त्यावर पोट भरलं. पूर्वी बँड घोडागाडीतून वाजवत हिंडायचा, तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या शेपटाला बसवायचे. ही नळी पुढंमागं सरकते ना, कोणाच्या टाळक्यात बसायला नको. आम्ही शेपटाचेच.

ओडील : मग बोलवा की तुमच्या लुशियनला. माझे कांदे तरी वाचतील.

ऑल्सीड : काल ह्यूस्टनहून त्याच्या मुलीचा फोन आला. गेला तो.

ओडील : अरे देवा. आणि मी कांद्याचं काय घेऊन बसलेय.

ऑल्सीड : तुम्हाला काय माहीत. पुरात घर गेल्यापासून तिच्याकडं होता. न्यू ऑर्लिन्सला परत येतो, येतो म्हणत राहिला. म्हणून रोज वाजवायचो. आला की माझा हात बसलेला असावा.

ओडील : माती कधी?

ऑल्सीड : शनिवारी, तिकडंच. आपल्याकडं मातीला बँड, मिरवणूक असते, तसं तिथं काही नाही. पोरगी म्हणते, काका, तुम्ही एकटे या आणि बाबांचं आवडतं वाजवा. तिला कसं सांगू? अख्ख्या गाण्यात चाल म्हणून मला तिसऱ्या ओळीचं शेपूट तेवढं येतं.

ओडील : शेपूटच का बरं?

ऑल्सीड : तरुणपणी त्याला न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून तिसऱ्या ओळीला दम संपायचा. शेवटचे सूर मी उचलायचो. लोक म्हणायचे, काय खुबी आहे. पोरं नक्कल करायला लागली. खरं आम्हा दोघांनाच ठाऊक.

ओडील : शिका की पुढची-मागची चाल. इतकी वर्षं ऐकलीत.

ऑल्सीड : कालपासून तेच करतोय. सुरुवात केली की तोंड आपोआप थांबतं. त्याला जागा सोडतो.

ओडील : गाणं कोणतं?

ऑल्सीड : चर्चमधलंच जुनं. नदी ओलांडायचं.

ओडील : ते मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून गाते. घ्या ते हातात. चाल मी धरते, जमलं तर शनिवारी येते तुमच्याबरोबर.

(ती गाते, तो साथ धरतो. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तो वाद्य खाली घेतो.)

ओडील : का थांबलात? चुकलं का माझं?

ऑल्सीड : छान गायलात. पण तुमचा दम पुरतो, मिस ओडील. ओळ पार शेवटापर्यंत गेली.

ओडील : मग सोडते ना मधेच.

ऑल्सीड : तसं नको. तो कधी मुद्दाम सोडत नव्हता. दर वेळी शेवटापर्यंत जायचं बघायचा.

ओडील : मग करणार काय शनिवारी?

ऑल्सीड : जाईन. माझं आहे तेवढं वाजवीन, त्याच्या जागा सोडीन.

ओडील : लोक म्हणतील, म्हातारा गाणं विसरला.

ऑल्सीड : म्हणू देत. मला त्याची भीती नाही. इथं भिंतीशी वाजवताना वाटायचं, दम खातोय जरा, येईल आता. तिथं त्याची शवपेटी समोर असणार. फार एकटं वाटतंय हो.

ओडील : जेवा आधी, निवलं सगळं. आणि ते वाद्य जरा पलीकडं घ्या. बसते मी.