बाबांचं कोपर

...आणि आमचे मामा ओरडतात कुणावर, तर माझ्यावर! "अरे, वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी, अर्धा टीव्ही झाकून ठेवलायस की काय?" अहो मामा, त्या पट्ट्या आहेत म्हणून तर कडेची माणसं दिसतात! तुम्हाला सांगतो, चित्र पूर्ण दिसलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

कारण आमचे बाबा एका सिनेमात आहेत. शिंपी हो! शूटिंगला शिपायांचे अंगरखे द्यायला गेले, एक शिपाई कमी पडला, म्हणून यांनाच अंगरखा चढवून, भाला देऊन दरबारात उभं केलं. पार डाव्या कडेला. आणि आमची जुनी डिस्क? टीव्ही भरून दिसावा म्हणून दोन्ही बाजू छाटलेली! बाबांचं नुसतं कोपर उरलं, तेही धुरकट. तेव्हापासून आईचा हा भाऊ घरात शिरतो तोच मुळी, "काय कोपरसम्राट!" म्हणत. बाबा हसतात, पण खाली बघून. मला नाही बघवत. म्हणून मरमर करून शोधून नवी डिस्क आणली. वाइडस्क्रीन! मूळ फिल्मवरून नव्याने उतरवलेली!

बसलो सगळे. दरबार जवळ आला. बाबांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं... आणि मामांनी रिमोट उचलला. झूम! पट्ट्या गेल्या, बाजू गेल्या, बाबा गेले! "मामा, सोडा!" "अरे, मोठं दिसतंय की!" तिकडे राजा सिंहासनाकडे निघालाय, इकडे ओढाओढ, सेल निसटून सोफ्याखाली, मी पालथा, आई म्हणतेय, "आला, आला, प्रसंग आला!" कसेबसे सेल कोंबले, बटण दाबलं... चित्र पूर्ण दिसलं!

आणि काय स्वच्छ हो! कोपर, खांदा, मिशीचा केस न् केस... आणि तो माणूस बाबा नव्हते.

धुरकट होतं तोवर निदान कोपर तरी आमचं होतं! ते मी घालवलं. आई हळूच म्हणाली, "बाही मात्र यांनीच शिवलीय."

बाबा उठले. कापड मोजायचा गज घेतला आणि टीव्हीच्या डावीकडे, भिंतीला लागून ताठ उभे राहिले. "मी इथे होतो. याच्या पलीकडे."

आता दरबार आला की बाबा गज घेऊन उभे राहतात, आणि मामा, अहो तेच मामा, सोफ्यावरून ओरडतात, "भावोजी, जरा आत सरका, कापले जाताय!"