चिंगीची पावडर

आमच्या चिंगीला पहिल्यांदा नर दाखवायला नेलं तेव्हा सगळा घोळ आईनंच घातला होता. चिंगी म्हणजे आमची पॉमेरेनियन. अंबरनाथमध्ये तिच्या जातीचा नर मिळेना, म्हणून उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या सिंधी काकींकडे गेलो. मुलगी दाखवायला न्यावी तशी आईनं तिला आंघोळ घालून, पावडर लावून नेली. नर जवळ यायचा, हुंगायचा, शिंकायचा आणि लांब जाऊन बसायचा.

काकी म्हणाल्या, "भाभी, इसकी अपनी खुशबू तो आपने धो डाली. चार दिन यहीं छोड़ दो."

आईच्या डोळ्यांत पाणी. बाबा वैतागले, "कुत्री आहे ती, सासरी नाही चालली."

चार दिवसांनी आई आणि मी चिंगीला आणायला गेलो. काकी हसत म्हणाल्या, "काम हो गया. अब भाईसाहब को बोलो, रोज कंपनी से छूटकर दूध लेके आना बंद करें."