फर्कर मॅथेसन यांनी साडेसहाची रायफल का निवडली

सन्माननीय अध्यक्ष, या इस्टेटीच्या मालक श्रीमती रोवेना इन्स. व्यासपीठावरचे आमचे धर्मगुरू रेव्हरंड बीटन. आजचे सत्कारमूर्ती, एकेचाळीस वर्षं या डोंगरांवर हरणांची शिकार आणि राखण दोन्ही सांभाळणारे फर्कर मॅथेसन. त्यांच्या पत्नी शोना. आणि खिंडीतला रस्ता गोठलेला असतानाही ग्लेन आर्नाइलच्या या सभागृहात आलेल्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

मी इशबेल गिलँडर्स. सोमवारपासून फर्कर यांची जागा मी घेणार आहे. 'जागा घेणार' असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं. तेवढी माझी पात्रता नाही, हे तुम्ही जाणताच.

मला बोलता येत नाही, अशी तक्रार मी शोनाकडे केली होती. ती म्हणाली, "त्याच्या गुणांबद्दल बोलू नकोस, तो उठून बाहेर जाईल. रायफलीबद्दल बोल. त्यावर तो बसून ऐकेल." म्हणून मी रायफलीबद्दल बोलते.

या दरीत ज्याला-त्याला एक प्रश्न पडलेला आहे. ज्या माणसाच्या वडिलांनी आणि आजोबांनी जड गोळीच्या रायफली वापरल्या, तो अकरा वर्षांपूर्वी अचानक साडेसहा मिलिमीटरच्या जुन्या स्वीडिश मापाकडे का वळला? दुकानात ज्याची काडतुसं मागवावी लागतात, आठ-आठ दिवस थांबावं लागतं, असलं माप का? कुणी म्हणालं, म्हातारपण आलं. कुणी म्हणालं, खांदा दुखतो. आणि काही जण, आपण सगळे इथलेच आहोत तेव्हा स्पष्ट बोलते, काही जण म्हणाले की त्या शरदात त्याच्या हातून हरणाचा एक नर जखमी झाला, त्याचा धीर खचला.

त्या नराबद्दल मला सांगायचं आहे.

मी तेव्हा एका वर्षाच्या उमेदवारीवर होते. वर्ष पुरं व्हायला सात आठवडे उरले होते. फर्कर यांनी मला इस्टेटीची थर्टी-ऑट-सिक्स ही जड गोळीची रायफल दिली होती. त्यांचं तेव्हाचं मत असं, की नवख्याच्या हाती भारी गोळी असावी. नेम बोटभर सरकला तरी जनावर पडतं. त्या रायफलीचा धक्का माझ्या जबड्यापर्यंत जायचा. घरी गेल्यावर खांद्यावरचा निळा डाग मी आईपासूनही लपवत असे. बाई म्हणून आधीच सगळे माझ्याकडे बघत होते. रायफल जड जाते, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघंच वरच्या कड्याखाली होतो. नर दीडशे पावलांवर, आडवा उभा. सोपा नेम. मी चाप ओढला आणि त्याच क्षणी डोळे मिटले. गोळी मागच्या मांडीत लागली. तो तीन पायांवर कडा ओलांडून गेला आणि मागोमाग धुकं उतरलं.

आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा निघालो. दुपारी बाराच्या सुमारास तो ओढ्यात सापडला. थंड पाण्यात बसला होता. आणि जिवंत होता. फर्कर यांनी माझ्या हातातून रायफल घेतली आणि ते काम संपवलं. मग त्यांनी टोपी काढली. मी रडत होते. माझ्याकडे न बघता ते एवढंच म्हणाले, "पोरी, रायफल मी निवडून दिली होती. हा नर माझ्या नावावर."

मला वाटलं, माझं सांत्वन करताहेत. पण खाली आल्यावर त्यांनी खरंच तसं सांगितलं. रोवेना बाईसाहेब, तुम्हालाच सांगितलं. तुम्ही त्यांना पत्र लिहिलंत आणि एक पूर्ण हंगाम पाहुण्यांना घेऊन डोंगरावर जायचं त्यांचं काम काढून घेतलंत. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. जखमी जनावर रात्रभर सोडणं याला आपल्याकडे क्षमा नाही, आणि नसावी.

फर्कर, कृपा करून खाली बसा. माझं संपत आलंय.

त्या हिवाळ्यात पाहुण्यांचं काम नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे वेळ होता. त्यांनी ओळखीपाळखीत फिरून चार रायफली उसन्या आणल्या आणि मला जुन्या दगडखाणीत नेलं. पहिल्या दिवशी ते रायफल स्वतः भरून माझ्या हाती देत. तिसऱ्या खेपेला मी चाप ओढला, तर नुसता टक आवाज झाला. आत काडतूस नव्हतंच. पण नळी मात्र तळहातभर खाली गेली होती. येणाऱ्या धक्क्याला मी आधीच घाबरत होते, हे मला माझ्याच डोळ्यांनी दिसलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता तू भरून दे मला. सांगू नकोस काय भरलंस ते."

मी रिकामी रायफल दिली. त्यांचीही नळी खाली गेली.

तीस वर्षं डोंगरावर काढलेल्या माणसाची, मंडळी. तसेच पालथे पडून ते म्हणाले, "माझ्या बापाने सांगितलं, जड तेच बरं. मी तुला तेच सांगितलं. कुणी तपासून बघितलंच नाही."

मग आम्ही तपासलं. दोनशे त्रेचाळीस मापाची रायफल हाताला अगदी मऊ, जंगलातल्या लहान रो हरणाला उत्तम. पण हलकी गोळी खिंडीतल्या वाऱ्याने सरकायची, आणि माजावरच्या थोरल्या नरासाठी चुकीला जागाच उरत नव्हती. दोनशे सत्तर सरळ जायची, मात्र तिच्या दणक्याने मी पुन्हा डोळे मिटू लागले. तीनशे आठ चांगली होती, काडतुसं कुठेही मिळतात. तिच्यावर आम्ही दोन आठवडे अडलो. शेवटी साडेसहा. लांबट गोळी वाऱ्याला दाद देत नाही, लहान हरणाचं मांस नासत नाही, ठरल्या अंतरात थोरला नरही जागीच पडतो. आणि रिकाम्या रायफलीच्या परीक्षेत आमच्या दोघांचीही नळी हलली नाही. फर्कर यांनी वहीत काही लिहिलं नाही, भाषण दिलं नाही. "हीच," म्हणाले, आणि वडिलांची रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्यानंतरच्या अकरा हंगामांत मी कितीतरी जनावरं पाडली. रात्रभर मागे सोडावं लागलेलं एकही नाही.

मी इतकी वर्षं गप्प का राहिले? आधी नोकरी जाईल म्हणून. पुढे सवय झाली म्हणून. दोनदा मी त्यांना म्हटलं की बाईसाहेबांना सांगून टाकते. दोन्ही वेळा त्यांनी विषय कुत्र्यांवर नेला. पण दुकानात कुणी 'फर्करची नजर गेली' म्हणाला की मी पाव घेऊन खाली मान घालून निघायचे, हे मला आठवतं. ते कुणी मला करायला लावलेलं नव्हतं.

शोना, तू मला रायफलीबद्दल बोलायला सांगितलं होतंस. मी तेवढंच बोलले, असं समज.

समारोप करते. सभागृह सजवणाऱ्यांचे, रश्शाचं पातेलं सकाळपासून ढवळणाऱ्यांचे आणि सायंकाळच्या वादकांचे मी मनापासून आभार मानते. बाईसाहेब, हे ऐकल्यावर सोमवारची नेमणूक फिरवावीशी वाटली तर तो अधिकार तुमचा आहे. माझी तक्रार नसेल. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, समारंभाला न शोभणारं काही निघालं असेल, तर आपण सर्वांनी पोटात घालावं.

अकरा वर्षांच्या गप्प राहण्याची माफी मात्र मी एकाच माणसाकडे मागते. फर्कर, तो नर माझा होता.