रोशेलचा निबंध

मेम्फिसच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर ड्यूटी संपवून निघालेल्या दोन नर्स बसल्या होत्या. साठीची ओडेसा आणि खिडकीची जागा तिला देऊन कडेला बसलेली, तिशीतली रोशेल.

"मिस ओडेसा, डॉक्टरेटसाठीचं माझं शिफारसपत्र गेलं का हो? उद्या शेवटची तारीख आहे."

"सकाळीच पाठवलं."

"देव तुमचं भलं करो!"

"मग जेवताना तुझा प्रवेशअर्जाचा निबंध वाचला. तू दिलेल्या कागदांत होता."

"तो... तो चुकून आला असेल."

"छान लिहिलायस. इन्सुलिनचा दहापट डोस भरलेली सिरिंज तू म्हणे दुसऱ्या नर्सच्या हातातून काढून घेतलीस."

"मिस ओडेसा, हळू बोला ना."

"सिरिंज कुणाच्या हातात होती, रोशेल?"

"माझ्या."

"आणि काढून कुणी घेतली?"

"तुम्ही. मला तोंड दाखवायला जागा नाही."

"त्या दिवशी तू आपल्या पायांनी जाऊन हेडनर्सला सगळं सांगितलंस. रडत होतीस, पण सांगितलंस. ते का नाही लिहिलं?"

"चुकणारीला कोण प्रवेश देईल?"

"मी पत्रात तो सगळा प्रसंग जसाच्या तसा लिहिलाय. म्हटलं, अशी प्रामाणिक पोरगी मी दुसरी पाहिली नाही."

"अरे देवा. आता काय करू?"

"उद्यापर्यंत वेळ आहे तुला. माझा स्टॉप आला, वाट दे."

रोशेल उठली. ओडेसा उतरून गेली, बाक रिकामा झाला, तरी रोशेल दांडा धरून उभीच राहिली.