भागूमावशीचं व्याख्यान

तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, पुणतांब्यातली आमची चित्रकलेवरची व्याख्यानमाला पहिल्याच दिवशी बुडणार होती. बाहत्तर साल असेल. मी तिथे शाळेत चित्रकला शिकवायचो. पहिले वक्ते नगरहून यायचे होते, त्यांची एसटीच चुकली. देवळाच्या ओट्यावर चाळीसेक माणसं येऊन बसलेली, आणि बोलायला वक्ताच नाही.

समोरच भागूमावशी बसली होती. गावोगाव फिरून बायकांचे हात गोंदायची. मी म्हणालो, "मावशी, तुम्हीच बोला ना चित्रांवर."

"मी? आवो मास्तर, आमची कसली आलीत चित्रं! आताच्या पोरींना तर लाज वाटती गोंदनाची."

तेवढ्यात बायकांमधून माझी बायको सुमन उठली. आम्ही नगरला राहत होतो तेव्हा शेजारणी तिच्या गोंदणाला हसल्या होत्या. तेव्हापासून ती भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालायची. तिने सगळ्यांदेखत बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात पुढे केला.

"मावशी, ही तुळस तुम्हीच काढलीय. मी लहान होते, आमच्या अंगणात."

मावशीने तुळशीच्या पानापानावरून बोट फिरवलं.

"व्हय गं, माजंच काम हाय. लई रडली हुतीस, पर हात न्हाई हलवलास."

मग सुई किती टोचायची, पान कुठं वळवायचं, हे सांगत मावशी तासभर बोलली. तेवढा वेळ सुमनचा हात काही तिने सोडला नाही.