तिसरा शर्ट

काय सांगू तुमाला, मी काय शिकलेली बाई नाय, सातवी झाली आनि शाळा सुटली. पन जाऊबाईंनी तुमाला सांगितलं असेल की हिनं लढाईचे सगळे पिच्चर बघितलेत, पुस्तकं पन वाचलीत, तर ते खरं हाय. आवड म्हनून नाय बघितले. थांबा, सुरुवातीपासून सांगते, नायतर तुमाला कळायचं नाय.

माजं माहेर बदलापूरच्या पल्याड, बारवी धरनाच्या अंगाला, डोंगराला टेकून वाडी. चार खाचरं भाताची, बाकी टाइम बाप जंगलात नायतर मजुरीला. वाडीत एका म्हातारीकडं हातमशीन होती, तिच्याकडं बसून मी शिवायला शिकले. लग्न झालं ते मिलिट्रीतल्या मानसाशी, वाडीत मिलिट्रीवाला जावई म्हंजे पहिलाच, सगळी वाडी बघाय आली, तर हे साध्या पॅंट-शर्टात उभे, लोक हिरमुसले, बोलले, ड्रेस का नाय घातला. हे हसले आनि बोलले, ड्रेस सरकारचा हाय, बायको माजी हाय. मला लई लाज वाटली तवा.

मंग अंबरनाथ वेस्टला आले, दिराच्या घरी. दीर दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, जाऊबाई घरात, आनि मी. पोरबाळ झालं नाय. हे वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, आले की पहिलं बोलायचे, शर्ट शिव. छाती छत्तीस, गळा साडेचौदा आनि डावा खांदा जरा उतरता, म्हनून त्या बाजूला कापड तिरपं कापायला लागायचं, नायतर कॉलर एकीकडं ओढायची. दुकानातला शर्ट ह्यांना कवा नीट बसलाच नाय.

घरात बसून काय करनार, म्हनून उल्हासनगरच्या कॅम्प पाचला कामाला लागले, परसूसेठकडं. सिंधी मानूस, पन मराठी आपल्यासारखं बोलायचे, चिडले की सिंधीत. कारखाना बॅरेकमधे. आता तुमी बोलाल कॅम्प म्हंजे काय, तर ही सगळी बॅरेक इंग्रजांनी बांधलेली, त्यांची मोठी लढाई चालली होती तवा, सोल्जर लोक इथं राहायचे. मंग लढाई संपली, सोल्जर गेले, आनि सिंधी लोक सगळं टाकून आले त्यांना ह्याच्यात ठेवलं. परसूसेठ तवा आईच्या कडेवर होते. आमच्या भिंतीवर काळ्या रंगात आकडे होते, एकेका खाटेचा आकडा, माज्या मशीनवर अकरा. दर दिवाळीला चुना मारायचे पन सेठ आकडे ठेवायला सांगायचे, बोलायचे, आपन नंतर आलो, हे आधीचे हायत. अकरा नंबरवर कोन झोपायचा, तो घरी गेला का नाय, कोनाला ठाऊक. पुढं मी त्या लढाईचं जाडजूड पुस्तक वाचलं, त्यात लंडन हाय, बर्मा हाय, आमच्या कॅम्पचं नाव कुठंच नाय.

तर सेठकडं पिच्चरचे कपडे यायचे. मुंबईहून ड्रेसवाला यायचा, मिलिट्रीचे ड्रेस शिवायला सांगायचा, माप कागदावर असायचं. तिथं मी एक गोष्ट शिकले. पिच्चरमधे जो वाचतो त्याचे दोन शर्ट शिवतात, एक कोरा, एक मळका. जो मरतो त्याचे तीन. तिसरा शिवून झाला की आमचा कटिंगमास्टर त्याला गोळीचं भोक म्हनून ब्लेड मारायचा, दगडावर घासायचा, मेनबत्तीनं कडा जाळायचा, चहाच्या पान्यात बुडवायचा. म्हंजे पिच्चर यायच्या आधीच मला ठाऊक कोन मरनार. जाऊबाईंना सांगून टाकायची, त्या चिडायच्या, बोलायच्या, मजा घालवलीस. आमी हसायचो. ह्यांना सुट्टीत सांगितलं तर हे बोलले, आमाला तर मोजून देतात ग, फाटला तर शिवून घालायचा.

मंग हे श्रीलंकेला गेले. आपली पोरं तिथं का गेली ते मला तवा कळलं नाय, नंतर पुस्तकं वाचून पन नीट कळलं नाय, आपन भांडन मिटवाय गेलो आनि आपल्यावरच आलं, एवढंच. पत्र यायचं, नारळ लई हायत, आपल्या कोकनासारखं हाय. मंग पत्र बंद झालं. मंग एक दिवस एक हवालदार आला, पेटी घेऊन. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात ह्यांचं नाव, आनि एक मडकं, लाल कापड बांधलेलं. बोलला, भाभीजी, सब वहीं पर कर दिया, लाने का इंतजाम नहीं था. सासूबाई गावाहून आल्या होत्या, त्यांनी हंबरडा फोडला, दीर भिंतीला टेकून खाली बसले. मी पेटी उघडली.

पेटीत स्वेटर, दाढीचं सामान, मी शिवलेले दोन घरचे शर्ट, आनि एक ड्रेस. धुतलेला, इस्त्री केलेला. मी काय केलं असेल, ड्रेसचा शर्ट उलटा केला आनि उजेडाला धरला. हाताला सवय. कुठं भोक नाय, रफू नाय, डाग नाय, कॉलरला मळसुद्धा नाय. मी त्या हवालदाराला विचारलं, तिसरा कुठंय. तो बोलला, जी? मी बोलले, हा कोरा हाय, हा सुरुवातीचा, तिसरा कुठंय. त्याला काय कळेना, दिराकडं बघाय लागला. जाऊबाईंना कळलं, त्यांनी माज्या तोंडावर हात ठेवला.

तुमी बोलाल वेडी झाली. वेडी नाय झाले. सगळं समजत होतं, स्वैपाक करत होते, कामाला जात होते. पन रडू आलं नाय. जे यायला पाहिजे ते आतून आलंच नाय. मडक्यात राख, राख काय, कोनाची पन असते. मरताना ह्यांच्या अंगात होता तो शर्ट जवर बघत नाय तवर हाताला पटेना. म्हनून मंगळसूत्र काढलं नाय. सासूबाई पाया पडल्या, लोक काय बोलतील, भाऊकीत तोंड दाखवायला जागा नाय. मी बोलले, तिसरा आला की काढीन. मला बोलावनं बंद झालं, हळदीकुंकवाला नाय आनि सुतकाला पन नाय. कोनाला कळेना ही कुठल्या बाजूची. मला पन कळत नव्हतं.

तवापासून पिच्चर. उल्हासनगरच्या थेटरात लागला की जायची, नाय तर जाऊबाईंच्या भावाकडं व्हिडिओवर. एक बर्फातला होता, त्यात सगळं शिवलेलं कोटाखाली गेलं, मरताना हिरोनं कोट उघडला तर आत कॉलर पांढरी स्वच्छ, बर्फात कवाचा लढतोय आनि कॉलर स्वच्छ, उठून यावंसं वाटलं. एक बोटीवरचा, नेव्हीचा, सगळे पांढऱ्यात, पान्यात पडला तरी इस्त्रीची घडी मोडली नाय. एक जुन्या काळातला, मावळ्यांचा, त्याचे अंगरखे आमीच शिवले होते, आनि तिथं पन तीन, मी बोलले म्हंजे तवापासून हेच चाललंय का. सगळ्यात भोक इथं, डाव्या छातीवर. पोटात कोनाला लागत नाय, गालाला लागत नाय. भोक पडलं की तो बोलतो, लई बोलतो, आईला बोलतो, देशाला बोलतो, थेटरात लोक टाळ्या मारतात, बायका नाक पुसतात. मी ब्लेड कुठून कुठवर मारलंय ते बघत बसायची.

दीर कवा आले नायत पिच्चरला. ते दिवसभर गोळे भरायचे, बोलायचे, आमी डब्यात घालतो, गाडीत चढवतो, पुढचं मला बघायचं नाय.

पुस्तकं अंबरनाथ ईस्टच्या वाचनालयातून. तिथले काका कपाटातून काढून ठेवायचे, विचारायचे नायत कशाला. एक मोठ्या साहेबाचं होतं, अर्धं पुस्तक त्याची शाळा, घोडा, क्लब, बायकोबरोबर नाच, मंग शेवटी लढाई. नकाशे होते, नकाशावर बाण, बाण इकडून तिकडं जातो आनि खाली लिहिलंय की आपलं नुकसान थोडक्यात भागलं. मी त्या पानावर बोट ठेवून बसले. काकांना विचारलं, थोडक्यात म्हंजे किती. ते चष्मा पुसाय लागले. आनि एक पातळ पुस्तक होतं, मिलिट्रीतल्या एका स्वैपाक्याचं, उंचावर भात शिजत नाय म्हनून तो काय काय करायचा, डाळ कशी भिजवायची, कोनाला तिखट पाहिजे, कोन चपाती लपवून ठेवायचा, आनि मंग एक दिवस रांगेत ताटं कमी. बस, एवढंच लिहिलंय. ते पुस्तक चांगलं हाय, तुमी वाचा. मी ते दोनदा आनलं. पन श्रीलंकेचं काय नव्हतंच तिथं. जिंकलेल्या लढाईला पुस्तक असतं, हरलेल्याला पन असतं, ही दोन्हींत नाय, मंग हिचं कोन लिहिनार.

अशी वर्षं गेली. मंग एकदा ड्रेसवाला आला, बोलला, जंगल का पिच्चर है, लंका वाला. माजे हात मशीनवरच राहिले. हिरोचे तीन शर्ट. कटिंगमास्टर तवा गावाला गेला होता, सेठ बोलले, तूच काप. कागद समोर ठेवला, हिरोची छाती चाळीस, गळा सोळा. दोन शर्ट कापले, शिवले, बरोबर झाले. तिसऱ्याला मी कागद बघितला नाय. मुद्दाम नाय हो, कापड पसरलं, खडू घेतला, हात चालला. शिवला, काजं केली, बटनं लावली. मंग सेठला बोलले, भोक पन मीच करते. सेठ बोलले, कर.

ब्लेड हातात घेतलं आनि कळेना कुठं मारू. छातीवर मारवेना, ते पिच्चरवाल्यांचं झालं. पाठीला मारू, पोटाला मारू. ह्यांना कुठं लागलं ते मला कोनी सांगितलंच नव्हतं ना. शेवटी डाव्या बगलेखाली, बरगडीवर, जिथं हे सुट्टीत झोपलेले असताना मी हात ठेवायची तिथं मारलं. चहात बुडवला. वाळत घातला.

चार दिवसांनी ड्रेसवाला भांडत आला. बोलला, ये क्या बच्चे का शर्ट बनाया, हीरो के अंदर ही नहीं जाता, खांदा पन वाकडा, भोक पन चुकीच्या ठिकानी, क्लोजअप में दिखेगा ही नहीं. गावाहून आलेला कटिंगमास्टर बोलला, उसवून मोठा करू, तर आत माया सोडलेली नाय, वाढवाय कापडच नाय. सेठनी शर्ट हातात घेतला, खांदे जुळवले, उतरता खांदा बघितला. सेठनी ह्यांना एकदाच बघितलं होतं, मला न्यायला आले होते तवा. ड्रेसवाल्याला दुसरा पीस देतो सांगून वाटेला लावला आनि शर्ट घडी करून माज्या मशीनवर ठेवला. बोलले, ये तेरा है बेटी, घर ले जा.

घरी आनला. पेटी उघडली, कोऱ्या शर्टावर ठेवला. खांद्याला खांदा लागला. तसंच आरशासमोर जाऊन मंगळसूत्र काढलं. जाऊबाई भाजी निवडत होत्या, भाजी टाकून उठल्या, बोलल्या, अग एवढ्या वर्षांनी आजच काय झालं. मी बोलले, तिसरा आला. त्यांनी पेटीत बघितलं. त्या तिथंच खाली बसल्या आनि रडल्या, लई रडल्या, माज्या वाटनीचं पन त्याच रडल्या. मला रडू नाय आलं, तुमाला खोटं कशाला सांगू. मला लई भूक लागली होती, मी भात वाढून घेतला. पन हाताला पटलं. मी शिवलेला हाय, मीच फाडलेला हाय, मला म्हाईत हाय, तरी पटलं.

तो पिच्चर लागला तवा आमी दोघी गेलो. थेटर रिकामं. हिरोला डाव्या छातीवरच लागलं, आनि तो बोलला भरपूर. नारळाची झाडं खरी वाटत होती, तेवढं चांगलं. आठवडाभरात काढला, चाललाच नाय.

आता यंदा ही डोंगरावरची लढाई झाली. टीव्हीवर रोज पेट्या उतरतात, वर झेंडा, गावंच्या गावं रस्त्यात. आता मानसाला घरी आनतात, चांगलं करतात. जाऊबाई विचारतात, बंद करू का, मी बोलते, राहू दे. शेजारनी येतात, विचारतात तुला काय वाटतं, तू तर त्यातली. काय वाटनार. मी पेटीचा आकार बघते, आत कुठला शर्ट घातला असेल ते बघते.

परसूसेठ आता घरीच असतात, कारखाना मुलगा बघतो. त्याच्याकडं आताच तीन-तीन पिच्चरची ऑर्डर आली, सगळे डोंगरावरचे. मी त्याला बोलले, मी सगळ्यांचे दोन-दोन शिवीन, तिसरा दुसऱ्या कोनाकडून घे. तो बोलला, मौसी, ऐसा कैसे चलेगा. मी बोलले, माज्याकडून असंच चालेल. हसला, पन ऐकलं, आता पलीकडच्या मशीनवरची पोरगी तिसरे शिवते. तिला मी काय सांगितलेलं नाय.

आता तिकडं वर बसलेत त्या पोरांचं मला एवढंच हाय, कोनाचीबी पोरं असोत. अंगावरच्या मळक्या कपड्यात घरी येऊ देत सगळी. धुवाय घरी बायका हायत.