पलीकडची खोली

मुलगी: उतरली फाईल. आता काय दाबू? थांबा हं, भलतंच दाबलं वाटतं. सॉरी, मी यात अगदीच मठ्ठ आहे.

प्रोग्रामवाला: नाही हो, डॉक्टर. ‘बोलक्या फळ्या’ची नवी आवृत्ती काढली, त्यात आवाजाची फाईलच घालायची आम्ही विसरलो.

मुलगी: म्हणजे बाबांचा फळा मी नाही बिघडवला?

प्रोग्रामवाला: तुम्ही काहीच केलं नाहीत.

मुलगी: अहो, आणि मी आठवडाभर स्वतःलाच शिव्या घालतेय! घशाच्या ऑपरेशननंतर तो फळा हाच त्यांचा आवाज. टॅबवरचं चित्र दाबलं की बोलायचा. दिवसभर मी लोकांचे दात बघते, आणि घरी यावं तर बाप भिंतीकडे तोंड करून बसलेला.

प्रोग्रामवाला: तुम्ही आधी आमच्या चॅटच्या खोलीत लिहिलं होतंत ना? प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या?

मुलगी: हो ना! दोन खोल्या आहेत हे मला काय ठाऊक? तुमच्यात कुणी ‘घुबड’ नावाचा आहे. म्हणाला, ‘दारावरची पाटी वाचता येत नाही का? वापरणाऱ्यांची खोली पलीकडे.’ बाकीच्यांनी वर हसरे चेहरे टाकले.

प्रोग्रामवाला: वाचलं मी ते.

मुलगी: बाबा शेजारीच होते, त्यांनीही वाचलं. या वयात बापासमोर बोलणी खाल्ली, कानकोंडी झाले अगदी. त्या घुबडाला सांगू नका हं, मी फोनवर आहे ते. परत खेकसेल.

प्रोग्रामवाला: नाही... नाही खेकसणार.

मुलगी: खोल्या वेगळ्या हव्यातच म्हणा. दात काढताना मीही दार लावून घेते. पण बाहेर पेशंटचं ऐकायला कुणीतरी बसतं की! तुमच्या पलीकडच्या खोलीत नुसती माझ्यासारखी माणसं. एकमेकांनाच विचारतायत, ‘तुमचाही फळा मुका झाला का?’

प्रोग्रामवाला: ती खोली मीच सुरू केली. सारखे तेच तेच प्रश्न, काम सुचेना. आम्ही फुकट करतो हे, नोकरी सांभाळून, कुणीही घ्यावं, सुधारावं म्हणून... जाऊ दे. खोली काढली आणि आज सकाळपर्यंत एकदाही तिथे डोकावलो नाही. लाज वाटते सांगायला. तिथेच तुमचा नंबर दिसला.

मुलगी: तुम्ही निदान फोन तरी केलात. देवासारखे धावून आलात.

प्रोग्रामवाला: असं नका म्हणू हो. प्लीज. फळा बंद करून परत चालू करा.

मुलगी: केला. बाबा, दाबा बघू काहीतरी.

(फळ्याचा सपाट, यांत्रिक आवाज.)

वडील: पाणी.

मुलगी: बोलला! अहो, बोलला! बाबा, रडताय काय असे? आता मलाही... घ्या, त्यांच्याशी बोला. फोन फळ्याजवळ धरते.

वडील: मुलगी. हुशार.

प्रोग्रामवाला: हो, काका. खूप.

मुलगी: पुरे हो बाबा! आता हे पक्ष्यांचं पान कशाला उघडताय?

वडील: घुबड. कोण?

मुलगी: बाबा, सोडा ना तो विषय. ते बिचारे मदत करतायत आणि तुम्ही...

वडील: घुबड. कोण?

प्रोग्रामवाला: मी, काका.